भाकरीवर चालणारा दिवा

शाळेत मुलं मला पाठीमागं 'श्वास टीचर' म्हणायची. तोंडावर नुसतं टीचर. सगळी नोकरी मी नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. त्यात भिंग होतं, चुंबक होतं, लिटमसचे कागद होते, पण गावाच्या लक्षात राहिलं ते एवढंच की या बाई श्वसनाच्या धड्यावर आल्या की त्यांना घंटा ऐकू येत नाही. पुढच्या तासाचे हिंदीचे सर दाराबाहेर खडू घेऊन उभे असायचे आणि मी आत यीस्टच्या गोष्टी सांगत असायचे. त्या सरांनी कधी तक्रार केली नाही. मला वाटतं, त्यांनाही पुढं काय झालं ते ऐकायचं असायचं.

अनुभव लिहा म्हटलं की लोक नेमणुकीच्या हुकुमापासून सुरुवात करतात. मला ते जमणार नाही. तारखा माझ्या डोक्यात राहत नाहीत, मुलं राहतात, आणि तो एक धडा राहतो. म्हणून त्या धड्याबद्दल लिहिते, आणि निवृत्तीनंतर गेल्या कार्तिकात मठाच्या अंगणात तो मला परत एकदा शिकवावा लागला, त्याबद्दल.

आमचं गाव आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला पाठ टेकून बसलेलं. मी उमरग्याकडची, लग्न होऊन इथं आले. शाळा मराठी माध्यमाची, पुस्तक कर्नाटक सरकारचं. मुलं घरी आईशी मराठी, आजोबांशी कन्नड आणि भांडताना दखनी बोलायची. अशा मुलांना एखादी गोष्ट समजली नाही तर तीन भाषांत समजत नाही, आणि समजली तर तिन्ही भाषांत समजते. शिक्षकाला याहून चांगला वर्ग मिळत नाही.

पुस्तकात तो धडा फार घाईनं उरकलेला होता. 'तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे' हे वाक्य आमच्याकडचं शेंबडं पोरही झोपेत म्हणेल. ऊर्जाकेंद्र म्हणजे काय रे, तिथं काय होतं, असं विचारलं की वर्ग छताकडं बघायचा. म्हणून मी पुस्तक मिटून ठेवायचे आणि विचारायचे, सकाळी काय खाऊन आलात? भाकरी, पिठलं, शिळी खिचडी. मग आता ती भाकरी कुठं गेली? इथून माझा धडा सुरू व्हायचा.

हा प्रश्न काही मी शोधलेला नाही. इटलीतल्या एका वैद्याला फार जुन्या काळी तोच पडला होता. त्यानं मोठा तराजू टांगला, त्याला खुर्ची जोडली, आणि वर्षानुवर्षं तो त्या खुर्चीत बसून जेवायचा, लिहायचा, झोपायचा. पोटात गेलेलं वजन आणि शरीरानं टाकलेलं वजन यांचा मेळ काही बसेना. बरंच काही गुपचूप उडून जात होतं. 'टीचर, त्याची बायको काय म्हणत नव्हती काय?' असं एका मुलीनं विचारलं होतं. पुस्तकं त्याबद्दल काही सांगत नाहीत, पण प्रश्न मला योग्य वाटला.

मग यायचा माझा आवडता फ्रेंच माणूस. तो दिवसा सरकारी कर वसूल करायचा आणि उरलेल्या वेळात हवा मोजायचा. त्यानं गिनीपिग नावाचा सशापेक्षा लहान प्राणी एका भांड्यात ठेवला आणि भांड्याभोवती बर्फ भरलं. प्राण्याच्या उबेनं किती बर्फ वितळलं ते पाहिलं. मग कोळसा जाळून किती वितळतं तेही पाहिलं. प्राण्याच्या श्वासातून आणि कोळशाच्या जळण्यातून सारखाच वायू निघत होता, आणि त्या मानानं बर्फही जवळपास सारखंच वितळत होतं. त्यावरून तो म्हणाला की श्वास घेणं म्हणजे मंद जळणं आहे. दिवा जसा जळतो तसाच प्राणी जळतो, फक्त ज्योत दिसत नाही. पुढं त्याच्या देशात क्रांती झाली आणि कर गोळा करणाऱ्यांबरोबर त्याचंही डोकं उडवलं. इथं वर्ग एकदम शांत व्हायचा. मला त्या शांततेचा फायदा घेता यायचा.

तिथं मी मठातल्या कंदिलाची गोष्ट आणायचे. आमच्या गावच्या मठाशेजारी जमिनीखाली दासोहाचं, म्हणजे मठातल्या अन्नदानाचं, पेव आहे. पेव म्हणजे धान्य साठवायचा खड्डा. आतून रांजणासारखा फुगीर, वर तोंड एका माणसापुरतं. सुगी झाली की प्रत्येक घर त्यात आपापल्या वाट्याची ज्वारी घालतं. मग तोंडावर कडबा, दगडी झाकण आणि माती. कार्तिकात मठाची जत्रा असते, तेव्हा ते उघडतात आणि त्या ज्वारीच्या भाकऱ्या येईल त्याला वाढतात. जातपात विचारायची नाही, पाहुणा कुठला ते विचारायचं नाही. उघडल्यावर माणूस आत उतरायच्या आधी दोरीनं जळता कंदील खाली सोडायचा, अशी रीत आहे. जुनी माणसं सांगायची की भूमायला दिवा दाखवल्याशिवाय तिच्या पोटात हात घालू नये. मी मुलांना सांगायचे की भूमायला दाखवा, जरूर दाखवा, पण कंदील विझला तर उतरू नका, कारण जिथं दिवा जळत नाही तिथं तुम्हीही जळणार नाही.

एका वर्षी दहावीच्या सहामाहीत प्रश्न होता, 'श्वसन म्हणजे काय?' शेवटच्या बाकावर मल्लिकार्जुन नावाचा मुलगा बसायचा. सगळे त्याला मल्लू म्हणायचे. अंगानं दांडगा, स्वभावानं गरीब, आणि परीक्षेत कायम काठावर. त्यानं उत्तरात एकच ओळ लिहिली होती: 'माणूस हा भाकरीवर चालणारा दिवा आहे.' नमुना उत्तराशी त्यातला एक शब्द जुळत नव्हता. मी पूर्ण गुण दिले आणि पेपर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवला. हेडमास्तर म्हणाले, बाई, बोर्डाच्या परीक्षेत असं लिहिलं तर भोपळा मिळेल. मिळालाच असावा, कारण मल्लू विज्ञानात त्या वर्षी राहिला. पुढं तो वायरमनचं काम शिकला आणि गावातल्या सगळ्या मोटारी, मिक्सर, मांडवातल्या माळा त्याच्या हातात गेल्या. माझ्या घरचा पंखाही तोच दुरुस्त करतो आणि पैसे घ्यायला लाजतो.

मला वाटतं, या धड्याची खरी गंमत त्या फ्रेंच माणसानंतर सुरू होते. जळतं हे कळलं, पण कुठं जळतं? फुप्फुसात म्हणावं तर तीच सगळ्यात गरम असायला हवीत, आणि तसं काही दिसेना. मग लोक रक्तात शोधायला लागले, मग स्नायूत, आणि शेवटी समजलं की प्रत्येक पेशीची आपली चूल वेगळी आहे. धान्याच्या दाण्याचीसुद्धा. हे मुलांना पटायचं नाही, म्हणून मी थर्मासचा प्रयोग करायचे. भिजवून मोड आणलेले हरभरे थर्मासमध्ये भरायचे, उकळून मारलेले हरभरे दुसऱ्या थर्मासमध्ये, आणि दोन्हींत तापमापी. दुसऱ्या दिवशी मोडाचा थर्मास गरम, मेलेल्याचा गार. मुलं थर्मासला कान लावायची, जणू आतून श्वास ऐकू येईल.

त्या प्रयोगानं एकदा माझ्याकडं तक्रार आली. आळंदच्या बाजारातले एक तुरीचे अडते, त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. ते शाळेत आले आणि बाकावर बसूनच बोलायला लागले. मुलगी घरी सांगत होती की गोदामातली तूर जिवंत आहे, ती श्वास घेते, आणि तिला घाम येतो. 'टीचर, पोरगी आता तुरीवर बसू देत न्हाई आमाला,' ते म्हणाले. मी विचारलं, थप्पीच्या मधल्या पोत्यात हात घालून पाहिलात का? ते हसून गेले. आठवडाभरानं निरोप आला की मधली पोती हाताला चटका बसावा इतकी तापली होती आणि बुरशीचा वास मारत होती. ओल राहिली होती, आणि ओल्या दाण्याचा श्वास जोरात चालतो. त्यांनी थप्पी मोडून सगळं उन्हात घातलं. तेव्हापासून दर वर्षी माझ्याकडं डाळीची पिशवी येते. मुलीचं लग्न होऊन ती बिदरला गेली, तिथल्याच एका कारखान्यात गुणवत्ता तपासते, तरी पिशवी काही थांबली नाही.

यीस्टची गोष्ट मुलांना मुरंब्यामुळं आवडायची. साखर आंबवून दारू करायला जिवंत यीस्ट लागतं, जीवाशिवाय ते होणारच नाही, असं मोठमोठे लोक ठासून सांगत होते. जर्मनीतल्या एका माणसाला यीस्टच्या रसातून औषध करायचं होतं. त्यानं ते वाळूबरोबर खलबत्त्यात घोटलं, पेशी फोडल्या, पिळून रस काढला. रस नासू नये म्हणून त्यात साखर घातली, जशी आपण कैरीत घालतो. तर मेलेला रस फसफसायला लागला! म्हणजे काम करणारा जीव मेला तरी त्याची अवजारं काम करत होती. तिथून माणसं एकेक अवजार शोधायला लागली. कुणी कबुतराच्या छातीचे स्नायू किसून बघत होतं, कारण कबूतर सारखं उडतं आणि त्याला इंधन फार लागतं. त्या स्नायूवरूनच एक चक्र सापडलं, ज्यात भाकरीचा उरलासुरला अंश फिरत फिरत जाळला जातो. शोधणाऱ्यानं लेख नामांकित मासिकाकडं पाठवला, त्यांनी जागा नाही म्हणून परत केला. मोठं बक्षीस त्यालाच मिळालं. नापास मुलांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगायचे.

शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड. जळून निघालेली ऊर्जा एटीपी नावाच्या कणात साठवली जाते. तो कण म्हणजे चार्ज केलेली बॅटरी. वापरली की उतरते, पुन्हा चार्ज करायची. मल्लूला हा भाग फार आवडायचा. पण ती चार्ज होते कशी, हे कुणाला कळेना. सगळे एका मधल्या रसायनाच्या मागं लागले होते, आणि ते काही सापडत नव्हतं. इंग्लंडमध्ये एक माणूस पोटाच्या दुखण्यानं विद्यापीठ सोडून खेड्यात गेला. तिथं एक मोडकं घर दुरुस्त केलं, गाई पाळल्या, आणि त्याच घरात प्रयोगशाळा मांडली. तो म्हणाला, रसायन शोधू नका, ते नाहीच. आत एक पडदा आहे, त्याच्या एका बाजूला हायड्रोजनचे कण चढवून ठेवले जातात, आणि ते परत येताना जे ढकलतात त्यावर बॅटरी चार्ज होते. लोक त्याला कित्येक वर्षं हसले.

हे समजवायला मी वर्ग घेऊन अफजलपूरला गेले, भीमेवरचा बंधारा दाखवायला. हेडमास्तरांनी सहलीच्या अर्जावर लिहिलं होतं, विषय भूगोल. मी तो खोडून जीवशास्त्र केलं आणि त्यांनी काही दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. बंधाऱ्यावर मुलांना म्हटलं, या बाजूला पाणी किती चढलंय बघा. त्या दारातून ते सुटलं आणि वाटेत चक्र बसवलं तर काय होईल? फिरेल, म्हणाली. तुमच्या प्रत्येक पेशीत असे बंधारे आहेत आणि त्यांच्या दारात खरोखरचं फिरणारं चक्र आहे. जपानमधल्या लोकांनी त्याला चमकता धागा चिकटवून ते फिरताना बघितलंय. पोरं आपल्या दंडाकडं बघायला लागली. मला ती दुपार अजून लख्ख दिसते. वर्गात मी फार चांगली शिक्षिका होते असं मी म्हणणार नाही, पण त्या बंधाऱ्यावर होते.

खंत एकच वाटत आली. एवढं सांगूनही शेवटी मुलांच्या तोंडात एक ओळ उरायची. कुणाच्या 'ऊर्जाकेंद्र', कुणाच्या 'दिवा जळला तर माणूस जळतो'. ओळ खरी असायची. पण ती का खरी आहे, हे विचारणारं कुणी भेटलं की मला सण वाटायचा, आणि असे सण थोडेच आले.

गेल्या वर्षी पाऊस लांबला. दिवाळीतही शेतात चिखल होता. कार्तिकातल्या जत्रेची तयारी मागं पडली आणि पेव उघडायला उशीर झाला. एरवी ते जत्रेच्या दोन-तीन दिवस आधी उघडून तसंच ठेवायचे. या वेळी आदल्या दिवशी सकाळी झाकण काढलं आणि दुपारीच ज्वारी बाहेर काढायचं ठरलं, म्हणजे रात्री गिरणीत दळून सकाळी भाकऱ्या थापता येतील. दासोहाची सगळी व्यवस्था सिद्रामप्पा बघतात. माझ्याच वयाचे, मला अक्का म्हणतात, शब्दाचे पक्के. पाहुणा उपाशी गेला तर आयुष्यभर मनाला लावून घेतील, असा माणूस.

मी मठाच्या मागच्या बाजूला बायकांबरोबर वांगी चिरत होते. अंगणात पेवाभोवती माणसं जमलेली दिसत होती. पाणी प्यायला उठले आणि सहज तिकडं गेले. पेवाच्या काठावर मल्लू बसला होता, पाय आत सोडून. आता त्याला दोन मुलं आहेत, पोट थोडं सुटलंय, पण खांदे तसेच आहेत. दर वर्षी तोच उतरतो. मी वाकून बघितलं तर आत पांढरा लख्ख उजेड होता. तळाशी ज्वारीचा ढीग दाणा न् दाणा दिसत होता. दोरीला कंदील नव्हता, चार्जिंगचा दिवा होता.

मल्लूला माझा चेहरा बघून वाटलं की मला दिवा आवडला. त्यानं कौतुकानं सांगितलं की रेशनवर रॉकेल मिळायचं बंद झालं, कंदिलाची काच फुटली, म्हणून दोन वर्षांपासून त्यानं स्वतःच जोडणी करून हा दिवा केलाय. 'टीचर, कंदील लई विझायचा. पुन्यांदा वर काढा, पुन्यांदा लावा. ह्यो विझतच न्हाई,' तो म्हणाला, आणि दोर धरून सरकला.

पेवातून माझ्या तोंडावर ऊब आली. थर्मासचं बूच काढल्यावर येते तशी, आणि तिला अंबील आंबल्यासारखा वास होता. पावसाचं पाणी कुठूनतरी झिरपलं असणार आणि तळातली ज्वारी भिजली असणार. भिजलेली ज्वारी महिनोन्महिने बंद तोंडाच्या खड्ड्यात श्वास घेत बसली होती. मी खाली बसून मल्लूची बखोट धरली. निवृत्त शिक्षिकेला पेन्शनीबरोबर एवढा हक्क राहत असावा, कारण तो जागच्या जागी थांबला.

'उतरू नकोस,' मी म्हटलं.

'कामून टीचर? दिवा जळायलाय की.'

'तो जळत नाहीये मल्लू. तो नुसता उजेड देतोय.'

त्याला कळलं नाही. सिद्रामप्पा पुढं आले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण ती माझ्या मनातली नव्हती, उद्याच्या पंगतीची होती. 'अक्का, येळ जायलाय. दिवा दावलाय भूमायला. दोन वर्सं असंच करायलोत, काय झालं न्हाई. गिरणीवाला वाट बघायलाय,' ते हळू आवाजात म्हणाले. भोवतीची माणसं मान डोलवत होती. मी त्यांना चुकीचं म्हणूच शकत नव्हते. रीत त्यांनी अक्षरशः पाळली होती. आधी दिवा सोडला होता, तो विझला नव्हता, मग माणूस निघाला होता. मी वर्गात सांगितलेलं वाक्यही तंतोतंत पाळलं होतं. आधीच्या दोन वर्षी पाऊस वेळेवर गेला, दाणा कोरडा होता आणि पेव दोन-तीन दिवस उघडं राहिलं, म्हणून सगळे वाचले होते. हे सगळं मला त्या क्षणी एकदम दिसलं.

वाद घालून उपयोग नव्हता. मी म्हटलं, एक पणती आणा, एवढंच. दिवाळी नुकतीच झालेली, मठाच्या ओट्यावर पणत्या तशाच रांगेनं ठेवलेल्या होत्या. तेल घातलं, वात लावली, पाटीत ठेवली आणि पाटीला दोरी बांधून मी स्वतः खाली सोडली. सगळे वाकून बघत होते. मल्लू अजून काठावरच बसला होता, पाय आत. पणती त्याच्या गुडघ्याशेजारून खाली गेली. थोडी आणखी खाली गेली. ज्योत लांबट झाली, पिवळी पडली आणि गेली. वारा नव्हता, पाटी हलली नव्हती. खाली मल्लूचा दिवा तसाच लख्ख जळ... बघा, माझ्याही हातून तोच शब्द निघाला. लख्ख प्रकाशत होता.

सिद्रामप्पांनी पाटी माझ्या हातून घेतली, वर ओढली, खिशातल्या काडेपेटीनं पणती पुन्हा लावली आणि पुन्हा सोडली. ती तिथंच विझली. त्यांनी तिसऱ्यांदा लावायला घेतली आणि मग मध्येच थांबले.

मल्लूनं पाय बाहेर काढले. जपून, एकेक करून, आणि मग काठापासून मागं सरकत सरकत मठाच्या भिंतीला जाऊन टेकला. मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं की ज्वारी जिवंत आहे, भिजल्यावर ती जोरात श्वास घेते. आतली सगळी चांगली हवा तिनं खाल्ली आणि जड वायू सोडला. तो रांजणात पाणी साठावं तसा खाली साठलाय. कंदील तीच हवा खायचा जी तू खातोस, म्हणून तो तुझ्याआधी मरून सांगायचा. या दिव्याला हवा लागतच नाही. तो पाण्यातही उजेड देईल. त्यानं मान हलवली. मग म्हणाला, 'टीचर, मी एवढा चांगला बनवला व्हता.' मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. खरंच चांगला बनवला होता त्यानं. दासोहाच्या प्रेमानं बनवला होता, वेळ वाचावा म्हणून, कुणाला त्रास होऊ नये म्हणून.

पुढचं सगळं सिद्रामप्पांनी हातात घेतलं. त्यांनी पेव रात्रभर उघडं ठेवायला सांगितलं. लिंबाच्या फांद्यांची मोळी दोरीला बांधून माणसं ती पाळीपाळीनं वरखाली करत राहिली, म्हणजे आतली हवा ढवळली जाईल. हे मला माहीत नव्हतं. त्यांना त्यांच्या वडिलांकडून माहीत होतं, आणि इतकी वर्षं गरज पडली नव्हती म्हणून विसरले होते. मल्लूनं कुणाचातरी फवारणीचा पंप आणला, पंख्यानं हवा फेकणारा, आणि त्याची नळी आत सोडली. सकाळच्या पंगतीचं काय, हा प्रश्न बायकांनी सोडवला. प्रत्येक घरातून पिठाचा डबा आला. माझ्याकडं ज्वारीचं पीठ थोडंच होतं, मी त्यात तांदळाचं मिसळून दिलं आणि कुणाला सांगितलं नाही. पाहुण्यांनी भाकरी मऊ आहे म्हणून वाखाणली.

जत्रेच्या सकाळी, पहिली पंगत बसलेली असताना, आम्ही पेवाकडं गेलो. पणती सोडली. ती मल्लूचे पाय लोंबत होते तिथून खाली गेली, आदल्या दिवशी विझली होती तिथून खाली गेली, ज्वारीवर टेकली आणि जळत राहिली. सिद्रामप्पांनी हात जोडले. मी म्हटलं, तशीच थोडा वेळ राहू द्या. राहू दिली. मग मल्लूच्या कमरेला दोर बांधला, दोराला चार गडी लावले, आणि मी त्याला बजावलं की खाली बोलत राहायचं. गप्प झालास तर विचारणार नाही, ओढून काढू. तो म्हणाला, वर्गात गप बसा म्हणायच्या, आता बोल म्हणायलात. चार्जिंगचा दिवा त्यानं सोबत घेतला नाही. उजेड पणतीचाच पुरेल म्हणाला.

तो उतरला. खांदे गेले, डोकं गेलं, वर नुसता ताणलेला दोर राहिला. शेजारी पंगतीत कुणीतरी आणखी भाकरी मागत होतं. माझे कान पेवाच्या तोंडाशी होते. आतून काहीच ऐकू येईना.

'मल्लू,' मी हाक मारली. 'बोल.'

खालून त्याचा आवाज आला, घुमत, सावकाश.

'टीचर, दोनीबी दिवे जळायलेत.'